स्वखुशीने

उंबरखुटी, ता. नेर
७ जुलै २०२५

प्रिय उर्वशी,

पाकीट बघून आधी घाबरली असशील. कोणी गेलेलं नाही. तुझा भाऊ उकंडा बरा आहे, पंचफुला वहिनी बरी आहे, मीही आहे तशीच आहे, फक्त गुडघे कुरकुरतात.

फोन का केला नाही ते सांगते. माझा फोन आता माझा राहिलेला नाही. सकाळी त्यावर अंगणवाडीची हजेरी भरायची, दुपारी नात कार्टून बघते, आणि संध्याकाळी सून सुरभी कोणाकोणाचे फोन आले ते बघते. वाईट हेतूने नाही बघत, सवय आहे. म्हणून पत्र. तूही उत्तर अंगणवाडीच्याच पत्त्यावर टाक. पोस्टमन रूपसिंग घरी न देता माझ्या हातात देईल. मी पाकीट मागितलं तर म्हणाला, "बाई, ह्या जमान्यात पत्र कोन लिहिते वो? लव्हलेटर तं नाई ना?" पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असं कोणी विचारलं की दिवस बरा जातो.

बातमी अशी, की यंदा अंगणवाडीची खिचडी शिजवायचं काम तुमच्या पुऱ्यातल्या बचत गटाला मिळालं, आणि गटाने पंचफुला वहिनीला पाठवलं. बावीस वर्षं मी इथे सेविका आहे, इतकी चांगली खिचडी कोणी केली नाही. वरून लसणाची फोडणी देते, पोरं ताटल्या चाटून पुसून ठेवतात. माझी नात खुशी तर तिच्या मांडीवरून उठायचं नाव घेत नाही. 'पंचाआजी' म्हणते.

जराशी अडचण आहे. पटावर सव्वीस पोरं, येतात चौदा. पाऊस, चिखल, तापाची साथ. होईल सगळं ठीक. आपण दोघी एका बाकावर बसून शिकलो, म्हणून तुला सांगावंसं वाटलं. तू उगाच दुसरा अर्थ काढू नकोस.

तुझी,
विमल


राजूर, ता. वणी
१६ जुलै २०२५

प्रिय विमल, जय भीम.

घाबरले नाही. पाकिटावरचं अक्षर बघूनच तू आहेस हे कळलं. तुझा ख अजून सुटाच आहे. घनश्याम गुरुजींनी किती छड्या मारल्या तरी तू र आणि व लांब लांबच लिहायचीस, आणि तुझ्या निबंधात पाहुण्यांचा खाना व्हायच्या आधीच पाहुणे रवाना व्हायचे. आपल्या गावाचं नाव तू पाकिटावर 'उंबररवुटी' केलं आहेस. तरी पत्र पोचलं. पोस्टखात्याला मानलं पाहिजे.

इथे सगळं नेहमीसारखं. हे खाणीतून निवृत्त झाले, तरी दारातली कोळशाची धूळ काही निवृत्त होत नाही. माझी शाळेची अजून पाच वर्षं आहेत. रविवारी आमच्या घरी सहा-सात बाया जमतात. एक तेलुगू, एक मुसलमान, दोन आमच्यातल्या, एक तुमच्यातली, अशी भेळ आहे. ना पूजा, ना वंदना. आठवड्यात कोण कोणाशी कसं वागलं, आणि आपण तिथे असतो तर काय केलं असतं, एवढंच बोलतो. कधी कधी भांडण होतं. मग चहा.

वहिनीची खिचडी वाचून बरं वाटलं. पण विमल, चिखल सगळ्यांच्याच दारात असतो. आमच्या पुऱ्यात जास्तच, बौद्ध वस्ती म्हणून तिकडे नालीसुद्धा नाही. पुऱ्यातली पोरं चिखल तुडवत येतात का? येत असतील आणि पक्क्या रस्त्यावरची येत नसतील, तर या चिखलाला जात आहे असं म्हणावं लागेल.

न येणारी बारा कोणाची, ते लिही.

तुझी,
उर्वशी


उंबरखुटी
४ ऑगस्ट २०२५

प्रिय उर्वशी,

तू अगदी तशीच राहिलीस. गणितात शेवटी एक बाकी उरली की त्या एकाच्या मागे लागायचीस. बरं, लपवत नाही. ती बारा पोरं आमच्याच बाजूची होती. पण होती म्हणते, कारण मी त्यावर उपाय काढला आणि अकरा परत आली.

ऐक. भांडण केलं असतं तर काय झालं असतं? अर्ज, चौकशी, पोलीस, आणि गावाचं मन कायमचं मोडलं असतं. मी घरोघर गेले. प्रत्येक आईपाशी बसले, चहा प्यायले, आणि म्हटलं, बाई, स्वयंपाक मीच करते, पंचफुला फक्त भांडी घासते आणि झाडते. झालं. दुसऱ्या दिवसापासून पोरं यायला लागली. आता वहिनी आतल्या खोलीत शिजवते, मी पातेलं दारातून बाहेर आणते आणि वाढते. तीच खिचडी, तीच फोडणी. पोरांच्या पोटात तर वहिनीचंच अन्न जातं ना? मनातल्या मनात मला हसू येतं, की बघा, कसं सगळ्यांना एका पंगतीला बसवलं.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. समजूतदार आहे. फक्त वाढायच्या वेळी ती आता बाहेर येत नाही. खिडकीतून बघते.

कोणी काही ठरवलं नव्हतं, हेही तुला सांगते. बैठक नाही, ठराव नाही. सगळ्यांना आपोआप कळलं होतं. अशा वेळी कोणाशी भांडणार? सुरभी म्हणते तसंच सगळ्या म्हणतात: "मी काई जातपात नाई मानत, आई. पन लोकं काय म्हनतीन?" ते लोक कोण, हे मी बावीस वर्षांत शोधू शकले नाही.

रविवारच्या बायांना माझी ही युक्ती सांग. त्या काय म्हणतात ते कळव.

तुझी,
विमल


राजूर
१२ ऑगस्ट २०२५

विमल,

सांगितली. चहासुद्धा कोणी मागितला नाही.

तुला आठवतं, चौथीपासून शाळेतल्या माठाला मी हात लावायचा नाही असं होतं. गुरुजींनी कधी म्हटलं नाही, ते आपोआपच होतं, तुझ्या शब्दात. तू रोज मला पाणी पाजायचीस. मी ओंजळ धरायची, तू तांब्या उंच धरून वरून ओतायचीस. मध्ये थांबून विचारायचीस, "अजून?" दुसरी कोणी तेवढंही करत नव्हती, म्हणून मला तू आवडायचीस. अजूनही आवडतेस, म्हणून हे लिहिते. तू मला सहा वर्षं पाणी पाजलंस, विमल. तांब्या एकदाही दिला नाहीस.

आता तू वहिनीचं तेच केलं आहेस. अन्न तिचं, नाव तुझं, आणि ती खिडकीत. वर तू खूश, की कोणाचंच मन मोडलं नाही. गावाचं मन म्हणतेस, तेव्हा त्या गावात आमचा पुरा धरतेस का? तो धरला असतास, तर एक मन मोडलेलं तुला दिसलं असतं. ते खिडकीत उभं आहे.

चांगलं वागणं म्हणजे कोणाला न दुखवणं, असं मलाही पूर्वी वाटायचं. मग लक्षात आलं, की ज्याला दुखलं तरी तो बोलत नाही, त्याला दुखवून आपण बाकीच्यांना सांभाळतो. तो गप्प राहतो म्हणून आपण त्याला समजूतदार म्हणतो.

आणि बाकी अजून उरलीच आहे. बारापैकी अकरा आली. बारावं कोणाचं?

उर्वशी


उंबरखुटी
८ सप्टेंबर २०२५

सौ. उर्वशीस,

तुझं पत्र मिळालं. कामाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला.

पोळ्यानंतर इथे थोडी गडबड झाली होती, पण आता सगळं शांत आहे. पंचफुलाबाईंनी स्वयंपाकाचं काम स्वखुशीने सोडलं. तसं लिहूनही दिलं आहे. त्यांच्या जागी दुसरी बाई आली. पटावरची सव्वीसच्या सव्वीस पोरं येतात.

तुला तिकडे बसून काहीबाही वाटू नये, म्हणून कळवलं. पाण्याचं जे लिहिलंस ते मला फार लागलं. ते सुरू झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

विमल


राजूर
१९ सप्टेंबर २०२५

सौ. विमल किसनराव यांस,

तुझं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधी उकंडाने त्या राजीनाम्याचा फोटो मला पाठवला होता. खाली वहिनीची सही आहे, वाकडीतिकडी, पंचफुलातला फु उलटा. वरचा मजकूर दुसऱ्या कोणाच्या तरी सुबक अक्षरात आहे. 'मी स्वयंपाकाचे काम स्वरवुशीने सोडत आहे.'

स्वरवुशीने. मी तो शब्द मोठा करून पाहिला. मग तुझी पत्रं काढून शेजारी ठेवली. पाकिटावरची उंबररवुटी आणि ही स्वरवुशी एकाच पेनातून निघाल्या आहेत. गुरुजींच्या छड्या वायाच गेल्या म्हणायच्या.

मी वहिनीला फोन केला. म्हटलं, "वहिनी, सही काहून केली?"

ती म्हणाली, "खुशीसाठी लिहिलतं ना वो ते. इमलबाईनं वाचून दाखवलं, त्याच्यात खुशीचं नाव होतं. पोळ्याआंधी सारे लेकरं येत होते, तवाबी तेवढी एक खुशीच येत नव्हती. मी काम सोडलं तं खुशी येईन, असं लिहिलं होतं त्याच्यात."

मग मला कळलं, की बारावं पोर कोणाचं होतं.

स्वखुशी म्हणजे काय, ते मी तिला समजावून सांगितलं. तिने तो शब्द दोनदा पुन्हा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे माह्या खुशीनं? मले कोनं इचारलं होतं?"

तिच्या नावाने मी नेरच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. माझ्या हाताने लिहिला, पण आधी दोनदा वाचून दाखवला, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगून. चौकशी होईल. तुला बोलावतील. राजीनामा कोणी लिहिला आणि का, एवढंच विचारतील. तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. चार ऑगस्टचं तर पूर्ण पुरावाच आहे. अजून दिलेली नाहीत.

उर्वशी


उंबरखुटी
२९ सप्टेंबर २०२५

उर्वशी,

हे पत्र अंगणवाडीत बसून, दार लावून लिहिते आहे. बाहेर पोरं 'बाई, दार उघडा' म्हणून ओरडत आहेत. नवी आचारीण त्यांना गप्प करते आहे.

बारावी खुशीच होती. खरं तर ती पहिली होती. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आठ दिवस आधी सुरभीने तिला पाठवणं बंद केलं. मी तिला पत्रात पंचाआजीच्या मांडीवर बसवलं, तेव्हा ती घरात रडत होती. सेविकेच्याच घरचं पोर जात नाही म्हटल्यावर बाकीच्यांना कोणी काही सांगायची गरजच उरली नाही. चिखल माझ्या दारातून सुरू झाला होता.

माझी युक्तीही घरातच फुटली. गावातल्या बायांना मी फसवलं, पण सुरभीला कशी फसवणार? तिला माहीत आहे की मला घरी साधी खिचडी जमत नाही. पोळ्याला बाया जमल्या होत्या, तिथे ती बोलून गेली. दुसऱ्या दिवशी पक्क्या रस्त्यावरचं एकही पोर आलं नाही. मग मात्र बैठक झाली, देवळापुढच्या मंडपात, आणि मध्ये बसले होते माझे मालक. घरी येऊन एवढंच म्हणाले, "बाई बदलल्याशिवाय लेकरं येत नाईत. तू लिहून घे तिच्याकून. तुह्यं अक्षर चांगलं हाय." त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या कशाला चांगलं म्हटलं ते पहिल्यांदा.

तो कागद घेऊन मी वहिनीकडे गेले. वाचून दाखवला. ती नीट ऐकत होती. म्हणाली, "खुशीचंच हाय ना हे, बाई? खुशीसाठीच?"

उर्वशी, तिने काय ऐकलं ते मला तेव्हाच कळलं. अगदी त्याच क्षणी. मी समजावून सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "मंग आना इकडं पेन."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून खुशी अंगणवाडीत येते आणि रोज विचारते, पंचाआजी कुठाय. मी म्हणते, गावाला गेली. पुरा इथून दोनशे पावलांवर आहे.

आता माझं ऐक. ही पत्रं देऊ नकोस. मी पाया पडते. माझी नोकरी गेली तर एक वेळ चालेल, पण घरात मी कशी राहू? मालकांचं नाव त्यात आहे, सुनेचं आहे. मुलगा रजत आताच म्हणतो, आई, तू कोणाकडून आहेस? मी कोणाकडूनच नाही. पक्क्या रस्त्याने गेले तर बाया बोलता बोलता थांबतात, पुऱ्यातून गेले तर दारं लागतात. घरात चुलीपाशी सुरभी, ओट्यावर मालक, आणि इथे आले की तुझी पत्रं पोषण आहाराच्या पोत्यांमागे लपवलेली. कुठे बसू, तेवढं सांग.

चौकशीत मी म्हणेन, मला आठवत नाही. तू मला तेवढं करू दे.

विमल


राजूर
६ ऑक्टोबर २०२५

विमल,

तुझी चारही पत्रं सोबत परत पाठवते आहे. मोजून घे. झेरॉक्स काढलेली नाही, फोटोही नाही. चूल तुझी आहे, पाहिजे तर घाल.

तुझ्यावर दया आली म्हणून पाठवत नाही. दया आली होती, दोन दिवस होती. पण रविवारी आम्ही यावर बोललो (तुझं नाव घेतलं नाही). मुमताजबी म्हणाली, ज्या बाईने मैत्रिणीवर भरवसा ठेवून लिहिलं, तिचाच कागद तिच्यावर फेकायचा, तर मग तुझ्यात आणि तिच्या मालकात काय फरक? त्यांनीही तिचं अक्षरच वापरलं. मला राग आला, पण त्याच रात्री तुझी पत्रं एकत्र बांधली. वहिनीची बाजू खरी आहे. ती चोरून लिहिलेल्या पत्रांवर उभी राहायला नको.

राजीनामा वहिनीच्या सहीचा आहे, त्यामुळे पत्रांशिवाय आमचा अर्ज बहुतेक फेटाळला जाईल. हे मला माहीत आहे, तुलाही कळू दे. 'आठवत नाही' एवढं म्हटलंस तरी पुरेल. तू सुटशील. वहिनीने स्वखुशीने सोडलं, हे मग सरकारी दप्तरात कायमचं खरं होईल.

कुठे बसू, विचारलंस. मला माहीत नाही. मी ते गाव सोडून राजूरला आले, म्हणजे मी काही फार शूर नाही.

एकच विनंती. उद्या मन खायला लागलं तर वहिनीच्या घरी जाऊन पाणी पिऊन दाखवू नकोस. पुढाऱ्यांचे तसे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत.

उर्वशी


उंबरखुटी
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय उर्वशी,

परवा नेरला चौकशी झाली. तुला उकंडाकडून कळलं असेलच, पण तो बाहेर उभा होता. आतलं मी सांगते.

पत्रं जाळायला घेतली होती. दिवाळीच्या फराळाची कढई चुलीवर होती, सुरभी अंगणात रांगोळी काढत होती, चांगली संधी होती. पहिलंच पत्र हातात आलं. खुशी तिच्या मांडीवरून उठायचं नाव घेत नाही. तेवढं वाचलं आणि पुढचं काही जमलं नाही. पत्रं पुन्हा पोत्यांमागे ठेवली. मी ठरवलं वगैरे काही नाही. परवा सकाळी एसटीत बसले तेव्हाही 'आठवत नाही' हेच घोकत होते. नेरपर्यंत पाठ झालं होतं.

साहेबीणबाईंनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" मालक माझ्या मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला येत होता. मी म्हटलं, "माझं." त्या म्हणाल्या, "मजकूर कोणाचा?" मी म्हटलं, "आमच्या घरचा." मग सगळंच बोलले. वहिनीने काय ऐकलं, मला काय कळलं आणि मी हो म्हटलं, तेही. मागची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

नंतर बाबूने जबाबाचा छापील कागद पुढे केला. त्यावर शेवटी लिहिलं होतं, 'वरील जबाब मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे.' म्हणाला, इथे सही करा. मी तो शब्द खोडला. तो चिडला. "बाई, हे लिहिल्याशिवाय जबाब चालत नाई. फॉरमॅट आहे." मी म्हटलं, माझी खुशी नाही, आणि दबाव सगळ्यांचाच आहे. खोटं लिहून खरं कसं सांगू? साहेबीणबाई म्हणाल्या, लिहू द्या त्यांना. मी छापील ओळीवर रेघ मारून लिहिलं, 'वरील जबाब मी भीत भीत व सर्वांचा दबाव असताना देत आहे.' त्यात एकही ख नव्हता. असता तर जोडून लिहिला असता.

निकाल काय लागेल माहीत नाही. बाबू म्हणाला, खाडाखोड आहे, वर पाठवावं लागेल.

एसटीने एकटीच परत आले. मालक गाडीवरून आधीच आले होते. ते बोलत नाहीत. ओरडतही नाहीत, त्याचीच भीती वाटते. सुरभी काल खुशीला घेऊन माहेरी गेली, रजत तिला सोडायला गेला तो अजून आला नाही. मी माझ्यापुरतं शिजवते, आणि मला खिचडी खरंच जमत नाही. आज अंगणवाडीत पुऱ्यातली नऊ पोरं होती. नव्या आचारिणीने काम सोडलं. तिने मात्र अगदी स्वखुशीने. तू विचारलं होतंस, गावात पुरा धरतेस का. आता गावात मला कोणी धरत नाही, तेव्हा तुझा प्रश्न नीट कळला. उशीर झाला, हेही कळलं.

परवा नेरहून उतरल्यावर मी तशीच वहिनीकडे गेले होते. पाणी मागितलं नाही, तू बजावलं होतंस. तिने मला ओट्यावर बसवलं आणि उकंडाला म्हणाली, "दुकानातून पान्याची बाटली आना, शीलबंद पाह्यजो." मी म्हटलं, राहू दे. तहान लागली होती, ते मात्र खरं.

मी तिला सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं, ती काय समजली, आणि मला कळलेलं असून मी हो म्हटलं. ती तूर निवडत होती. हात थांबला नाही. मला शिव्या देईल, निदान उठून जा म्हणेल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "ते जाऊ द्या, बाई. खुशी येऊन राह्यली का?"

त्या दिवशीसारखाच प्रश्न, तशाच सरळ तोंडाने विचारलेला. सुरभीने सकाळीच बॅग भरून बजावलं होतं, की चौकशीत मी खरं बोलले तर ती खुशीला घेऊन माहेरी जाईल. हो म्हणणं या वेळीही सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

मी म्हटलं, "नाही. उद्यापासून नाही येणार."

विमल